सह्याद्री जागचा हलत नाही

नव्या मुंबईचा विमानतळ अखेर उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. त्यासाठी दहा गावे उठली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि वाटेत आडवी येणारी उलव्याची टेकडी सुरुंग लावून छाटण्यात आली. माणसाने डोंगर हलविला ह्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यात वावगे काहीच नाही. परंतु विमानतळाच्या आसपास नजर फिरविली, तर कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड आणि अडीच हजार फुटांवरचे माथेरान ही मंडळी जिथल्या तिथे उभी आहेत, आणि त्यांच्यामागे सह्याद्रीची सलग भिंत. ह्या मंडळींना सुरुंग लावता येणार नाही. त्यांच्याशी जुळवून घेऊनच विमानांना उतरावे लागेल, आणि मुंबईकडे येणाऱ्या विमानांनी हे जुळवून घेणे कधी कधी कसे चुकविले, ह्याचा इतिहास आज उघडून पाहण्यासारखा आहे.

त्या इतिहासातील सर्वांत भयंकर रात्र जुन्नर तालुक्याने पाहिली. अलितालिया ह्या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत मुंबईकडे येत होते. पुढे कराची, तेहरान आणि शेवटी रोम असा त्याचा मार्ग होता. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटून दहा मिनिटे झाली असताना ते जुन्नरजवळच्या, चौकशी अहवालात दवंड्याची टेकडी म्हणून नोंदलेल्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले. ९४ माणसे विमानात होती. त्यांतील एकही वाचला नाही.

ह्या अपघाताचे मर्म एका साध्या त्रैराशिकात आहे. मुंबईस पोहोचण्याची अंदाजे वेळ म्हणून विमानाने सव्वाबारा कळविली होती. म्हणजे आदळण्याच्या क्षणी, वैमानिकाच्या हिशेबाने, मुंबई पाच मिनिटांवर आली होती. प्रत्यक्षात मुंबईचा विमानतळ त्या डोंगरापासून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता. पाच मिनिटांत ८४ किलोमीटर कापावयाचे तर ताशी एक हजार किलोमीटरचा वेग हवा, आणि उतरावयास निघालेले कोणतेही प्रवासी विमान त्या वेगाने जात नाही. वैमानिकाच्या मनातील विमान घाट उतरून कोकणावर आलेले होते. खरे विमान अद्याप घाटमाथ्यावरच होते. मनातील विमानाखाली भातखाचरे होती, समुद्रसपाटीची जमीन होती. खऱ्या विमानापुढे जुन्नरचा डोंगर होता. बाहेर जुलैची अंधारी रात्र. खिडकीतून पाहून खात्री करून घ्यावी, अशी सोयच नव्हती.

ज्याने नाणेघाट पाहिला आहे त्याला हे अधिक सांगावयास नको. देशावरून चालत जाताना जमीन पायाखाली शांतपणे पसरलेली असते आणि एका पावलात ती दोन हजार फूट खाली कोसळते. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानाला नेमकी हीच कड ओलांडावयाची असते. कड ओलांडण्यापूर्वी ज्या उंचीवर राहणे प्राणघातक, त्याच उंचीवर कड ओलांडल्यानंतर निर्धोकपणे उतरता येते. मधले अंतर जेट विमानाला काही मिनिटांचे. शिवाय महाराष्ट्रातील सर्वांत उंच माथे ह्याच उत्तर भागात एकवटले आहेत. कळसूबाई ५,४०० फूट, हरिश्चंद्रगड साडेचार हजारांच्या वर. आणि पावसाळ्याचे चार महिने हा सारा मुलूख ढगांत बुडालेला. आमच्या पूर्वजांनी ह्या कडेचा उपयोग शत्रूला चकविण्यासाठी केला. ती आपल्याच पाहुण्यांना चकवील, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

भारत सरकारने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला तो असा. मार्गाच्या हिशेबात चूक झाली. त्यामुळे आपण मुक्कामाच्या अधिक जवळ आहोत असा वैमानिकाचा समज झाला. आणि रात्री, केवळ यंत्रांच्या भरवशावर उडत असताना, सरळ धावपट्टीवर उतरण्याच्या इराद्याने त्याने वेळेआधीच विमान खाली आणले. ह्या निष्कर्षाला तीन पुरवण्या जोडल्या गेल्या. आपली जागा ताडून पाहण्यासाठी जी मार्गदर्शक साधने हाताशी होती त्यांचा त्याने उपयोग केला नाही. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची त्याने पाळली नाही. आणि ह्या मार्गावरील भूप्रदेश त्याच्या परिचयाचा नव्हता.

पहिल्या दोन पुरवण्या वैमानिकाच्या पदरात पडतात, हे मान्य. पण तिसरी? भूप्रदेश परिचयाचा नव्हता, हा दोष त्या वैमानिकाचा की त्याला त्या मार्गावर पाठविणाऱ्यांचा? अनोळखी घाटात अनोळखी गाडीवानाला अमावास्येच्या रात्री पाठवावे आणि गाडी दरीत गेल्यावर गाडीवानाला वाट ठाऊक नव्हती असे लिहून कागद बांधून ठेवावा, हा न्याय कोणत्या गावच्या पंचांना पटेल? आम्ही त्या निष्कर्षाला खोटे म्हणत नाही. तो खराच असावा. आमचे म्हणणे एवढेच की तो अर्धा आहे, आणि विमान-दुर्घटनांच्या चौकशीत हा अर्धेपणा फार जुना आहे.

जुन्नरच्या तेरा वर्षे आधी, १२ जुलै १९४९ रोजी, डच कंपनी केएलएमचे कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून सांताक्रूझला येत असताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. आज घाटकोपर म्हटले की मेट्रो आणि मॉल डोळ्यांपुढे येतात. तेव्हा ते मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते आणि टेकड्यांवर गवतच होते. ४५ जण मेले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. आमच्याच व्यवसायातील माणसे, म्हणून हा आकडा आमच्या ध्यानात राहिला आहे एवढेच. बाकीच्या ३२ जणांचा जीव त्याहून स्वस्त नव्हता. कारण? पावसाळी हवा, खाली आलेले ढग, आणि टेकड्यांच्या मुलखात पुरेशी उंची न राखता केलेले उड्डाण. पुढे ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे अ‍ॅव्हरो विमान पनवेलजवळच्या डोंगरात आदळले. तेथेही ४५ जण गेले. पुणे ते मुंबई म्हणजे आकाशमार्गे हाताच्या अंतरावरचा प्रवास. वैमानिक स्वदेशी, वाट रोजची, आणि तरीही ऑगस्टच्या ढगांनी डोंगर लपविला. जुन्नरच्या वैमानिकाला मुलूख अपरिचित होता म्हणून तो चुकला असे म्हणावे, तर पनवेलचे काय?

तीन अपघात, तीनही पावसाळ्यातले, तीनही उतरताना झालेले. घाटकोपर आणि जुन्नर ह्यांच्या बाबतीत यंत्र बिघडले म्हणून विमान पडले, असे कोणत्याही चौकशीने म्हटले नाही. धडधाकट विमान, जागे वैमानिक, आणि ढगाआड असलेला डोंगर! परिभाषेत अशा अपघातांना एक वेगळे नावच आहे: विमान पूर्णपणे ताब्यात असताना ते जमिनीवर नेऊन आदळणे. ह्या नावातील क्रौर्य असे की शेवटच्या क्षणापर्यंत विमानात काहीच वाईट घडत नसते.

ही चूक आमच्याच डोंगरांची मिरास आहे असे कोणी समजू नये. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोईंग विमान जिनिव्हास उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँच्या शिखरालगत आदळले आणि डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. भाभांच्या मृत्यूमागे परकीय हेरांचा हात शोधण्याचा उद्योग अद्याप अधूनमधून चालतो. फ्रेंच चौकशीने काढलेले कारण त्यामानाने फारच साधे आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणाला ते रुचत नाही. विमानातील दोन दिशादर्शक ग्राहकांपैकी एक बिघडलेला होता. वैमानिकाचा समज झाला की आपण माँ ब्लाँ मागे टाकला. रडारवरच्या नियंत्रकाने त्याची चूक ओळखली आणि शिखर पाच मैलांवर असल्याचे कळविलेही. पण ते शब्द इतके मोघम होते की वैमानिकाला ते आपल्या समजाला दुजोरा देणारेच वाटले. जुन्नरला डोंगर ओलांडल्याचा भास झाला, येथेही तोच. आणि ह्याच पर्वतावर १९५०च्या नोव्हेंबरात एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' ४८ जणांसह नष्ट झाले होते! पुढे १६ ऑगस्ट १९९१ रोजी इंफाळच्या खोऱ्यात उतरू पाहणारे इंडियन एअरलाइन्सचे बोईंग थांगजिंगच्या डोंगरावर आदळले व ६९ माणसे गेली. तेथे तर यंत्रांच्या आधारे उतरण्याची व्यवस्था होती आणि तिचा छापील नकाशाही होता. मुलूख बदलले, विमानांच्या जाती बदलल्या, चौकशीची भाषा बदलली. चूक बदलली नाही.

मग ह्यावर उपाय सापडला तो कोठे? १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळून ९२ जण मेले. 'उतरण्यास परवानगी आहे' ह्या नियंत्रकाच्या वाक्याचा वैमानिकांनी एक अर्थ केला, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. चौकशीत एक गोष्ट उघड झाली, ती वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. ह्या अपघातापूर्वी अवघ्या सहा आठवड्यांत दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजाने, त्याच डोंगरावर आदळता आदळता थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी हे आपल्या कंपनीस कळविले. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. दुसऱ्या कंपनीपर्यंत ती गोष्ट पोहोचलीच नाही, आणि ९२ माणसे त्या न पोहोचलेल्या वार्तेपायी मेली.

अमेरिकनांनी ह्यावर 'वैमानिकाची चूक' एवढाच शेरा मारून फाईल बंद केली नाही. मोठ्या जेट विमानांत जमीन जवळ आल्याची सूचना देणारे यंत्र बसविण्याची सक्ती झाली. डॉन बेटमन नावाचा अभियंता ह्या यंत्राच्या मागे कित्येक वर्षे लागलेला होता. आणि १९७६ साली, थोडक्यात हुकलेल्या अपघातांची माहिती वैमानिकांनी व नियंत्रकांनी निर्धास्तपणे द्यावी, देणाऱ्याचे नाव गुप्त राहील, अशी व्यवस्था तेथील अवकाश-संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आली. ती मुद्दाम नियामकाकडे ठेवली नाही. ज्याच्या हाती छडी आहे त्याच्यापाशी कोणी आपली चूक कबूल करीत नाही, हे शाळेतले शहाणपण त्यांना वेळीच सुचले. बेटमनच्या पहिल्या यंत्रातही उणीव होतीच. ते खाली पाही, समोर पाहत नसे. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातील कालीजवळ ते ओरडले, पण शेवटच्या दहा-बारा सेकंदांत, आणि १५९ जण गेले. पुढे त्यात सगळ्या जगाच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा भरण्यात आला. आज मोठ्या प्रवासी विमानाच्या यंत्राला सह्याद्रीचा प्रत्येक माथा ठाऊक असतो, आणि डोंगरावर आदळण्याचे प्रकार त्यांच्या बाबतीत विरळ झाले ते ह्यामुळेच. वैमानिकांना दोष दिल्याने एकही डोंगर टळला नव्हता.

आमच्याकडे असे काही घडलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर आकाशात दोन विमाने परस्परांवर आदळून ३४९ माणसे मेली. त्यानंतर टक्कर टाळणारी यंत्रे विमानांत सक्तीची झाली आणि नियंत्रकांना चांगले रडार मिळाले. म्हणजे शिकण्याची बुद्धी आम्हांसही आहे. फक्त ती सुचण्यासाठी तीनशे-साडेतीनशे प्रेतांची किंमत मोजावी लागते, आणि ती शेतात पडावी लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशात विमान-अपघातांची चौकशी करणारा अन्वेषण विभाग २०१२ साली स्थापन झाला. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. विमान कंपन्यांना परवाने देणारे आणि त्यांची तपासणी करणारे महासंचालनालय त्याच मंत्रालयाखाली. मनोऱ्यात बसून विमानांना उंची सांगणारे नियंत्रक ज्या प्राधिकरणाचे नोकर, तेही त्याच मंत्रालयाखाली. जुन्नरच्या वेळीही मनोरा चालविणारे सरकार आणि चौकशी करणारे सरकार एकच होते. अशा चौकशीत कोणी लबाडी केली असा आरोप आम्ही करीत नाही. परंतु मृत वैमानिक हा एकच पक्ष असा असतो की ज्याचे त्या घरात कोणी नसते.

गंमत अशी की हे तत्त्व सरकारला ठाऊक नाही असेही नाही. रेल्वेच्या अपघातांची चौकशी रेल्वेनेच करू नये, म्हणून रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे खाते १९४१ सालीच रेल्वे बोर्डापासून तोडण्यात आले, आणि आज ते आहे कोणाकडे? ह्याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे! रेल्वेचा न्याय विमानवाल्यांनी करावा हे पटले; विमानांचा न्यायही विमानवाल्यांनीच करावा, हे मात्र पन्नास-साठ वर्षांत कोणाला खटकले नाही. २०२४ साली १९३४चा जुना विमान कायदा बदलून नवा भारतीय वायुयान अधिनियम आला. हा विभाग मंत्रालयाबाहेर काढण्याची ती उत्तम संधी होती. ती गेली.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर क्षणार्धात कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० जण मृत्युमुखी पडले. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. इंजिनांचा इंधनपुरवठा करणाऱ्या कळी बंद स्थितीत गेल्या होत्या, आणि दोन वैमानिकांत त्याविषयी एका वाक्याची देवाणघेवाण झाली होती, इतके त्यात होते. तेवढ्यावर देशोदेशींच्या पंडितांनी आठवड्याभरात मृत वैमानिकांचा निवाडाही करून टाकला. तो अपघात डोंगराचा नव्हता, आणि त्याच्या कारणांत आम्ही शिरत नाही. तथापि बोट दाखविण्याची घाई जुन्नरच्या काळात होती त्याहून आज वाढली आहे, एवढे त्यावरून दिसले. अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोष वा जबाबदारी वाटणे हा नसावा, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचे तेरावे परिशिष्ट सांगते. ते आम्ही मान्य करून बसलो आहोत. कागदावर.

आणि ज्यांच्या डोंगरावर हे सारे कोसळते त्यांचे काय? मोठ्या विमानांना नकाशाचे यंत्र आले, पण सह्याद्रीवरून आता उड्डाणे वाढली आहेत ती हेलिकॉप्टरांची. ती खालून, दऱ्याखोऱ्यांतून, डोळ्यांना दिसेल त्या भरवशावर जातात. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुळशीत पौडजवळ पावसाळी हवेत एक पडले. त्यातील चौघे सुदैवाने वाचले. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी बावधनजवळच्या डोंगरात दाट धुके असताना दुसरे पडले, तिघे गेले. जुन्नर, पनवेल, मुळशी, एकाच डोंगररांगेची ही गावे आहेत. रांगेच्या माथ्यावर हवामानाची नोंद घेणारी आणि ती वैमानिकापर्यंत त्याच क्षणी पोहोचविणारी केंद्रे किती असावीत, पावसाळ्यात कोणत्या घाटावरून कोणत्या उंचीखाली उडूच नये, हे नव्या विमानतळाच्या पहिल्या काही पावसाळ्यांतच ठरले पाहिजे. वर्दळ वाढल्यानंतर असे नियम कंपन्यांना जाचक वाटू लागतात.

डोंगरात विमान पडले की तेथे प्रथम पोहोचतात ते गुराखी, महादेव कोळी, ठाकर, वाडीवरची पोरे. अग्निशमनाचा बंब घाटाच्या पायथ्याशी चिखलात रुतलेला असतो. अशा वेळी कशाला हात लावावा, कशाला लावू नये, जखमीस कसे हलवावे, कोणास कळवावे, हे त्या लोकांस आधी कोणी सांगितलेले असते काय? विमानतळाच्या हद्दीत दरवर्षी बचावाची तालीम होते. ती एकदा जुन्नर, कर्जत वा मुळशीच्या एखाद्या वाडीत, ऐन श्रावणात, भर पावसात व्हावी, अशी आमची सूचना आहे. जिल्हाधिकाऱ्यांना त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. आणि चौकशीचा अहवाल पूर्ण झाला की त्याची एक मराठी प्रत त्या तालुक्याच्या कचेरीत, सातबारा मागावयास येणाऱ्यालाही वाचता येईल अशी, ठेवली जावी. विमान कोठून आले होते आणि ते त्याच्या डोंगरावर का पडले, हे त्याला दिल्लीच्या इंग्रजीतून शोधत बसावे लागू नये.